किट कारचे सस्पेन्शन घरच्या गॅरेजमध्ये खाली घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या गाडीसाठी आहे?

ब्रिटनमध्ये एखाद्या जुन्या (म्हणजे डोनर) गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, हब आणि ब्रेक काढून ते नव्या नळीच्या चासीवर बसवण्याची जी परंपरा आहे, त्या परंपरेतल्या दोन आसनी, उघड्या, हलक्या गाड्यांसाठी ही माहिती आहे. लोटस सेव्हन १९५७ साली आली, तेव्हा ती सुट्या भागांत विकत घेतली की त्या काळचा खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आल्यावर ती सवलत संपली, पण घरी गाडी जोडण्याची हौस तेवढ्याने संपली नाही. पूर्वी या कामासाठी फोर्ड एस्कॉर्ट, कॉर्टिना आणि नंतर सिएरा या गाड्या कापल्या जात. आता त्या जागी बहुधा माझदा एमएक्स-५ असते. पुढील उत्तरांत मुख्यतः एमएक्स-५ ची पहिली (१९८९ ते १९९७) आणि दुसरी (१९९८ ते २००५) पिढी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण त्यांत चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाकाला चासीशी जोडणारे, वरखाली हलणारे आर्म) आहेत, स्प्रिंग डॅम्परभोवतीच (स्प्रिंगेचे डोलणे शमवणाऱ्या नळकांड्याभोवतीच) बसते आणि किट बनवणारे बरेच जण तिचे पुढचे-मागचे सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसते त्या उपचौकटी) जसेच्या तसे वापरतात. सिएरा आणि एस्कॉर्टवाल्यांसाठी एक स्वतंत्र प्रश्न पुढे आहे.

डोनर गाडीच्याच स्प्रिंगा ठेवल्या, तर किट कार इतकी उंच का उभी राहते?

कारण स्प्रिंगा त्याच आहेत, पण त्यांच्यावरचा भार उतरला आहे. या साऱ्या विषयाची मेख इथेच असल्यामुळे आकडे मांडून पाहणे बरे. समजा, मूळ गाडी ९८० किलोची आणि चालक ८० किलोचा आहे, म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी २६५ किलो येतात. त्यातून चाक, हब आणि ब्रेक यांचे सुमारे ३५ किलो वजा केले की स्प्रिंगेवर पेललेले वजन २३० किलो उरते. किट पूर्ण झाल्यावर गाडी ६६० किलोची झाली, तर त्याच हिशेबाने स्प्रिंगेवर १५० किलोच राहतात. चाकापाशी मोजलेली ताठरता दर मिलिमीटरला १७.८ न्यूटन धरली, तर ८० किलो कमी झाल्याने तो कोपरा जवळजवळ ४४ मिलिमीटर वर उचलला जातो.

म्हणून किट कार खाली घेणे हा बहुतेकांच्या बाबतीत मिरवण्याचा प्रकार नसतो. आराखडा करणाऱ्याने विशबोनचे जे कोन ठरवले होते, ते परत मिळवण्याचा तो मार्ग असतो. वरचे आकडे समजुतीसाठी आहेत. स्वतःच्या गाडीचे वजन स्वतःच करून घ्यावे, आणि तेही चालक, पाणी, तेल आणि अर्धी टाकी पेट्रोल धरून. किट विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातले वजन बहुधा कोरडे असते आणि थोडे आशावादीही असते.

बाजारात तयार मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा घालाव्यात का?

त्या मूळ वजनाच्या गाडीसाठी बनवलेल्या असतात, हे लक्षात घेतल्यास उत्तर सोपे होते. अशा स्प्रिंगा नुसत्या आखूड नसतात. उरलेल्या कमी प्रवासात गाडी आपटू नये म्हणून त्या मूळ स्प्रिंगांपेक्षा कडकही केलेल्या असतात. आधीच हलक्या झालेल्या किट कारमध्ये त्या घातल्या, तर जाहिरातीत ३० मिलिमीटर खाली असे लिहिलेले असले, तरी गाडी मूळ गाडीच्या उंचीपेक्षा तितकी खाली येत नाही आणि खडबडीत रस्त्यावर चाके जमीन सोडू लागतात.

ज्याने गाडीचे वजन उतरवले, त्याने काहीही न बदलता सस्पेन्शन कडक करून ठेवलेलेच असते. वरच्या उदाहरणात मूळ गाडीची डोलण्याची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला ती किती वेळा वरखाली डोलते तो आकडा, १.४ हर्ट्झ होती. तीच स्प्रिंग १५० किलोखाली १.७३ हर्ट्झवर जाते, आणि रस्त्यावर चालवण्याच्या चपळ गाडीला साधारण तेवढेच हवे असते. तेव्हा कडकपणा जवळपास तोच ठेवून लांबी कमी असलेली स्प्रिंग शोधावी. नवखा माणूस नेमके याच्या उलट करतो आणि ‘रेसिंग’ हा शब्द पाहून दुप्पट कडक स्प्रिंग मागवतो.

स्प्रिंग किती कडक असावी, हे कसे काढायचे?

तीन गोष्टी हाताशी हव्यात : त्या कोपऱ्यात स्प्रिंगेवर पेललेले वजन, हवी असलेली वारंवारिता आणि मोशन रेशो, म्हणजे चाक एक मिलिमीटर वर गेले असता डॅम्पर किती मिलिमीटर दबतो ते प्रमाण. रोजच्या मोटारी साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात; रस्त्यावरच्या हलक्या स्पोर्ट्‌स गाडीसाठी १.६ ते १.९ हर्ट्झ धरावे. २ हर्ट्झच्या पुढे गेलात, तर डांबर गुळगुळीत असेल तेथेच गाडी नीट चालते आणि इंग्लंडच्या गावाकडचे रस्ते तसे नसतात.

चाकापाशी लागणारी ताठरता काढण्यासाठी वारंवारितेच्या वर्गाला ३९.५ ने आणि मग किलोतल्या वजनाने गुणावे. १.७ चा वर्ग २.८९, त्याला ३९.५ आणि १५० ने गुणले की मीटरला सुमारे १७,१०० न्यूटन, म्हणजेच मिलिमीटरला १७.१ न्यूटन मिळतात. हा आकडा चाकापाशी आहे, स्प्रिंगेपाशी नव्हे. मोशन रेशो ०.७ असेल, तर त्याचा वर्ग ०.४९ होतो, आणि १७.१ ला ०.४९ ने भागले की स्प्रिंगेची ताठरता मिलिमीटरला ३५ न्यूटन येते. ब्रिटनमधील दुकानदार अजूनही इंचाला किती पाउंड या भाषेत बोलतात. त्या मापात ही २०० पाउंडाची स्प्रिंग झाली. वर्ग करायचे विसरून फक्त ०.७ ने भागणारे बरेच भेटतात आणि त्यांची स्प्रिंग त्यामुळे फारच मऊ निघते.

मोशन रेशो पुस्तकातून घेण्यापेक्षा मोजावा. स्प्रिंग काढून नुसता डॅम्पर बसवावा, हबखाली जॅक लावून चाकाचा मध्य दहा-दहा मिलिमीटरने वर न्यावा आणि प्रत्येक वेळी डॅम्परच्या दोन बोल्टांमधले अंतर लिहून ठेवावे. एका संध्याकाळचे काम आहे, आणि याच वेळी विशबोनचा आर्म कुठे चासीला टेकतो, ब्रेकची होज कुठे ताणली जाते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कशाला घासतो, हेही दिसून येते.

पुढच्यापेक्षा मागची वारंवारिता किंचित जास्त ठेवण्याची पद्धत आहे. पुढचे चाक उंचवट्यावर आधी चढते आणि मागचे नंतर. मागची बाजू जरा लवकर डोलली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी हिंदकळत नाही.

मूळ स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापले तर चालणार नाही का?

हा सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे, कारण ग्राइंडर प्रत्येकाकडे असतो. स्प्रिंगेची ताठरता काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा वेढ्यांतला एक कापला की ती वीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे लांबी कमी होते खरी, पण जी गाडी आधीच पुरेशी ताठ आहे, ती आणखी ताठ होते. शिवाय डॅम्परभोवती बसणाऱ्या स्प्रिंगेचे टोक खालच्या बशीत बसेल अशा आकाराचे असते, आणि कापलेले टोक तिथे नीट बसत नाही. चाक खाली लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग सुटी पडते, फिरते, आणि परत बसताना तिरकी बसू शकते. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी (रस्तायोग्यता) तपासणीत जागेवर न बसलेली स्प्रिंग दोष म्हणून नोंदली जाते, आणि ते योग्यच आहे.

गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून खाली बसवणे हा प्रकार तर मुळीच करू नये. पोलादाला दिलेले पाणी त्या जागी उतरते. तिथे स्प्रिंग एकतर बसत जाते किंवा एके दिवशी तुटते. थोडे पैसे वाचवायचे असतील तर ते आसनांत किंवा रंगात वाचवावेत.

उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्पर यांचा एकत्र संच) घेतले, तर स्प्रिंगेची बशी फिरवल्याने गाडी कडक होते का?

नाही. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगेची ताठरता बशी वर नेल्याने वा खाली घेतल्याने बदलत नाही. गाडी जमिनीवर उभी असताना स्प्रिंगेवर जेवढे वजन आहे, तेवढीच ती दबलेली राहते. बशी फक्त गाडीला वर उचलते किंवा खाली आणते. बशीच्या दोन आट्यांमधले अंतर २ मिलिमीटर आणि मोशन रेशो ०.७ असेल, तर एका पूर्ण फेऱ्याने गाडी सुमारे २.९ मिलिमीटर खाली येते. हे गणित एकदा करून गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले की प्रत्येक वेळी अंदाजाने फिरवत बसावे लागत नाही.

बशी फिरवण्याआधी चाक उचलून स्प्रिंगेवरचा भार काढावा, आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांवर वंगण लावावे आणि मगच सी आकाराचा पाना लावावा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने अॅल्युमिनियमची बशी आट्यांवर अशी जाम होते की पुढच्या वसंतात हातोडीशिवाय ती हलत नाही.

डॅम्परची लांबी कशी निवडावी?

इथे पुष्कळ जण फसतात, कारण स्प्रिंग आखूड केली तरी डॅम्पर जुनाच ठेवतात. जुना डॅम्पर खाली घेतलेल्या गाडीत आधीच अर्धाअधिक दबलेला असतो. एखाद्या खड्ड्यात तो बंपस्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या शेवटी असलेल्या अडणीवर, जाऊन आदळतो, आणि त्या क्षणी स्प्रिंगेचा काही उपयोग राहत नाही. गाडी तिच्या ठरलेल्या उंचीवर उभी असताना डॅम्परच्या एकूण प्रवासापैकी साधारण साठ टक्के प्रवास दबण्यासाठी आणि उरलेला लांबण्यासाठी राहील असा डॅम्पर घ्यावा.

लांबण्याच्या बाजूलाही एक मर्यादा असते. मागच्या उदाहरणातील १५० किलो चाकापाशी १,४७० न्यूटन होतात, स्प्रिंगेपाशी ते २,१०० न्यूटन होतात, आणि ३५ न्यूटनची स्प्रिंग त्याखाली ६० मिलिमीटर दबते. त्या स्थितीपासून डॅम्पर ७५ मिलिमीटर लांबू शकत असेल, तर जॅकवर गाडी उचलताच स्प्रिंग १५ मिलिमीटर सुटी पडेल. अशा वेळी मुख्य स्प्रिंगेवर एक पातळ, मऊ साहाय्यक स्प्रिंग बसवतात. उभ्या गाडीत ती पूर्ण दबलेली असते आणि चाक लोंबले की मुख्य स्प्रिंगेला जागेवर धरून ठेवते.

डॅम्परची घट्टीही नव्या वजनाला जुळायला हवी. मोठ्या गाडीसाठी घट्ट केलेला डॅम्पर हलक्या गाडीत स्प्रिंगेला वेळेवर परत उघडू देत नाही, आणि लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते. चालकाला वाटते की स्प्रिंग मऊ आहे, म्हणून तो आणखी कडक स्प्रिंग आणतो, आणि दुष्टचक्र सुरू होते.

गाडी नक्की किती खाली घ्यावी?

विशबोन सांगतील तितकी. खालच्या विशबोनचा चाकाकडचा सांधा चासीकडच्या सांध्याच्या पातळीत किंवा जरा खाली असावा. चाकाकडचे टोक वर गेलेले दिसले, तर गाडी गरजेपेक्षा खाली गेली आहे असे समजावे. किट बनवणाऱ्याने पुस्तिकेत चासीची उंची दिलेली असेल, तर तीच पहिली प्रमाण मानावी.

त्यानंतर रस्त्याचा विचार येतो. ब्रिटनच्या १९९९ च्या नियमांनुसार रस्त्यावरचा गतिरोधक २५ ते १०० मिलिमीटर उंच असू शकतो. तेव्हा ऑइल सम्पखाली (इंजिनच्या तळाच्या तेलटाकीखाली) चालकासह ११० ते १२० मिलिमीटर मोकळे अंतर असावे, असे माझे मत आहे. अॅल्युमिनियमचा सम्प एकदा चिरला की तेल रस्त्यावर जाते, आणि चालकाचे लक्ष तेलदाबाच्या काट्याकडे जाईपर्यंत बेअरिंगचे काम झालेले असते. सम्पखाली जाड पत्रा बसवणे चांगले, पण तो पत्रा आहे म्हणून गाडी आणखी दहा मिलिमीटर खाली घेणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे होय.

नाक किंचित खाली ठेवण्याची, म्हणजे पुढची उंची मागच्यापेक्षा १० ते १५ मिलिमीटर कमी ठेवण्याची पद्धत आहे. ती जरूर पाळावी, पण अतिरेक करू नये. एमएक्स-५ च्या दोन आसांमधले अंतर २,२६५ मिलिमीटर आहे. तेवढ्या लांबीत पुढची बाजू ४० मिलिमीटर खाली गेली की कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, जवळपास एक अंशाने कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची शक्ती त्यासोबत घटते.

खाली घेतल्याने चाकांच्या भूमितीत काय बदल होतो?

गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, हा फायदा सर्वांना ठाऊक असतो. मात्र दुहेरी विशबोनच्या गाडीत रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो काल्पनिक बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधले अंतर वाढले की झुकण्याचा जोरही वाढतो. म्हणून फार खाली घेतलेली गाडी दिसायला चपटी असली, तरी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकू शकते, आणि मग अँटी-रोल बार (वळणावरचे झुकणे रोखणारी दांडी) जाड करण्याची वेळ येते.

दुसरा बदल बंप स्टिअरचा. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि खालचा विशबोन आपापल्या वर्तुळात वरखाली होतात. ठरलेल्या उंचीच्या आसपास ही वर्तुळे जुळावीत असा आराखडा केलेला असतो. त्या उंचीपासून दूर गेल्यास नुसत्या उंचवट्यानेही चाक आत-बाहेर वळते. घरी हे तपासायचे असेल, तर स्प्रिंग काढलेल्या अवस्थेत हबवर एक सरळ पट्टी बांधावी, तिच्या पुढच्या-मागच्या टोकांचे भिंतीपासूनचे अंतर मोजावे आणि जॅकने हब वरखाली करत दोन अंतरांतला फरक पाहावा. २५ मिलिमीटर वर आणि २५ मिलिमीटर खाली या टप्प्यात फरक एका मिलिमीटरच्या आत राहिला तर उत्तम. जास्त निघाला, तर स्टिअरिंग रॅकखाली पातळ पत्रे घालून किंवा काढून तो कमी करता येतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण गाडी सरळ रस्त्यावर एका रेषेत चालते की सतत सावरावी लागते, हे इथेच ठरते.

निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन, हाही वाढतो. हलक्या गाडीला जास्त कॅम्बर लागत नाही, कारण ती वळणावर झुकतेच कमी. एमएक्स-५ मध्ये तो खालच्या आर्मच्या विकेंद्री बोल्टांनी परत जुळवता येतो, बोल्ट फिरत असतील तर.

प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने करावे?

सपाट काँक्रीटची जमीन, चार भक्कम स्टँड, टॉर्क पाना, स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि सी पाना एवढे हवे. गाडी उचलण्याआधी न उचललेल्या चाकांना पुढून-मागून अडण्या लावाव्यात. स्टँड चासीच्या मुख्य नळ्यांखाली, जिथे दोन नळ्या जोडल्या आहेत तिथे, रबराचा तुकडा मध्ये घालून लावावेत. फायबरग्लासच्या भागाखाली किंवा अॅल्युमिनियमच्या तळपत्र्याखाली लावू नयेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये. हा नियम सर्वांना माहीत असतो आणि तो मोडला जातो नेमका सुटलेला नट उचलताना.

आदल्या रात्री प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. एमएक्स-५ च्या खालच्या आर्ममधले लांब बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी कवचाच्या) पोलादी नळीत गंजून एकजीव झालेले असतात. नट सहज निघतो, बोल्टचे डोके फिरतेही, पण बोल्टसोबत बुशही पिळला जात असतो आणि बोल्ट तसूभर बाहेर येत नाही. असा बोल्ट ठोकत बसण्यापेक्षा आर्म आणि सबफ्रेम यांमधल्या फटीतून करवतीने कापून काढावा व नवा बोल्ट आणि नवा बुश घालावा. किट बनवताना सबफ्रेम गाडीबाहेर टेबलावर असतो, तेव्हाच हे उरकले, तर पुढे पाठ मोडत नाही.

डॅम्पर काढताना आधी अँटी-रोल बारची जोडणी सोडवावी, ब्रेकची होज तिच्या क्लिपमधून मोकळी करावी, कॅलिपर काढला असल्यास तो तारेने टांगावा आणि होजवर लोंबू देऊ नये. मग खालचा आर्म हबपासून सोडवून खाली झुकवला की डॅम्पर स्प्रिंगेसह बाहेर येतो. वरच्या मधल्या नटला मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबलेली असल्याशिवाय हात लावू नये. तो एक नट त्या क्षणी काही शे किलोंचा जोर धरून असतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर बसवून आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, आणि स्प्रिंगेच्या टोकाच्या रेषेत तोंड वा छाती येऊ देऊ नये.

नवा संच बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने, सैलच लावावेत. नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की नवेच घ्यावेत; ते स्वस्त असतात.

बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावरच आवळायचे, असे का सांगतात?

कारण रबरी बुश हे बेअरिंग नसते. त्याची आतली नळी बोल्टाने चासीला घट्ट धरली जाते आणि आर्म हलला की मधले रबर पिळले जाते. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर तीच स्थिती रबराची विश्रांतीची स्थिती होते. गाडी खाली उतरवली की रबर कायमचे पिळलेले राहते, गाडीला थोडे वर ढकलत राहते आणि काही महिन्यांत चिरते. नव्या स्प्रिंगा घालूनही गाडी वीस मिलिमीटर उंच का, अशी तक्रार येते तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा. बोल्ट सैल करा, गाडी दोन-चार वेळा दाबा, थोडी पुढे-मागे ढकला आणि मग आवळा. पुष्कळदा तेवढ्याने गाडी जागेवर बसते. पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये आतली नळी मोकळी फिरते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही, पण त्यांना वंगण द्यावे लागते.

उंची मोजण्याची विश्वासार्ह रीत कोणती?

मडगार्डच्या कडेपासून मोजू नये; घरी बसवलेले फायबरग्लास डाव्या-उजव्या बाजूला तंतोतंत सारखे असेलच असे नाही. चासीच्या नळीवर चार खुणा कराव्यात आणि जमिनीपासून त्या मोजाव्यात. जमीन समतल आहे का, हे पारदर्शक नळीत पाणी भरून पाहावे. गवंडी वापरतो तीच लेव्हल नळी इथे चालते, आणि जे चाक खाली असेल त्याच्याखाली फरशीचे पातळ तुकडे घालावेत. टायरमधली हवा आधी सारखी करावी. चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत. हलक्या गाडीत ८० किलो ही किरकोळ गोष्ट नसते.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजल्यास आकडा चुकतो. चाके आत ओढलेल्या स्थितीत जमिनीला टेकतात आणि टायरच्या पकडीमुळे बाहेर सरकत नाहीत, म्हणून गाडी उंच दिसते. ती काही मीटर पुढे-मागे ढकलावी किंवा प्रत्येक टायरखाली प्लास्टिकचे दोन कागद मध्ये वंगण लावून ठेवावेत.

चार वजनकाटे उसने मिळाले, तर चाकनिहाय वजनही जुळवावे. एका कोपऱ्याची बशी वर नेली की त्या चाकावरचे आणि तिरप्या विरुद्ध चाकावरचे वजन वाढते, उरलेल्या दोन चाकांवरचे कमी होते. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून एकूण वजनाच्या निम्मे भरले की थांबावे. त्यासाठी उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी हरकत नाही.

डोनर सिएरा किंवा एस्कॉर्ट असेल तर?

सिएराची पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रटची (वरच्या विशबोनऐवजी डॅम्परच चाकाला धरतो अशी) होती, पण सेव्हन धाटणीच्या किटमध्ये तिचा फक्त अपराइट (हब धरणारा उभा भाग) घेतात आणि वरच्या भोकात खास भाग बसवून त्याला विशबोनचा सांधा जोडतात. त्यामुळे पुढच्या बाजूला वरचीच उत्तरे लागू पडतात. मागे सिएराचे मूळ सेमी-ट्रेलिंग आर्म ठेवले असतील, तर जपून. ती रचना खाली घेतली की कॅम्बर आणि टो (चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचे प्रमाण) हे दोन्ही झपाट्याने बदलतात आणि मूळ आर्ममध्ये ते जुळवण्याची सोय नसते. त्यासाठी जुळवता येणारे कंस जोडावे लागतात.

मार्क टू एस्कॉर्टच्या मागे अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. पाटा आणि आस यांमध्ये ठोकळा घालून गाडी खाली घेता येते, पण ठोकळा भरीव पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा, मधल्या खिळ्याला जागा असलेला आणि एकच असावा. एकावर एक ठोकळे रचू नयेत. यू-बोल्टही नव्या लांबीचेच घ्यावेत. ठोकळा जितका उंच, तितका वेग घेताना आस पाट्याला पिळते, म्हणून ४०-५० मिलिमीटरपेक्षा जास्त हवे असेल, तर पाटे बनवणाऱ्याकडून ते नव्याने वाकवून घेणे बरे.

आयव्हीए चाचणी आणि विमा यांचे काय?

घरी बांधलेली गाडी ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणण्याआधी तिला वैयक्तिक वाहन मान्यतेची, म्हणजे आयव्हीए चाचणी द्यावी लागते. २००९ पासून जुन्या एसव्हीए चाचणीच्या जागी ती आली. उंचीशी थेट संबंध असलेली बाब म्हणजे दिवे. खालच्या झोताच्या दिव्याची खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर वर असावी लागते, आणि सेव्हन धाटणीच्या गाडीत दिवे कंसांवर असल्याने ३० मिलिमीटर खाली घेतलेली गाडी या आकड्याच्या खाली सहज जाते. त्यामुळे कंसांना भोके पाडण्याआधी अंतिम उंची ठरवून टाकावी. दुसरी बाब स्टिअरिंगची : वळवून सोडल्यावर ते आपोआप मध्याकडे यायला हवे. नाक फार खाली घेऊन कॅस्टर घालवलेल्या गाड्या इथे अडतात.

काही जण चाचणीपुरती गाडी वर करून नंतर पुन्हा खाली घेतात. मला ते पटत नाही, कारण चाचणीचे नियम ज्या कारणांसाठी आहेत ती कारणे दुसऱ्या दिवशी नाहीशी होत नाहीत. विमा कंपनीला मात्र प्रत्येक बदल लेखी कळवावा. हप्ता थोडा वाढला तरी अपघातानंतर दावा नाकारला जाण्यापेक्षा तो परवडतो.

हेच काम महाराष्ट्रात करता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल, कायद्याने बहुधा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. घरी जोडलेल्या एकुलत्या एका गाडीसाठी ब्रिटनसारखी सोपी वाट इथे नाही. बंदिस्त ट्रॅकवरच, ट्रेलरवर नेऊन चालवायची गाडी हा वेगळा विषय झाला, आणि तिच्या सस्पेन्शनला वरील गणित तसेच्या तसे लागू पडते.

काम झाल्यावर पुन्हा कधी तपासावे?

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये किंचित बसतात, म्हणून पहिली उंची तीन ते पाच मिलिमीटर जास्त ठेवावी. पहिल्या छोट्या फेरीनंतर, गाडी गार झाल्यावर, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पाहावेत आणि प्रत्येक नटवर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे पुढे नट हलला तर नजरेनेच कळते. साधारण ३०० ते ५०० किलोमीटरनंतर चारही उंची पुन्हा मोजाव्यात, बशीच्या लॉकचा स्क्रू घट्ट आहे का पाहावे, बंपस्टॉपवर आणि टायरच्या आतल्या कडेवर घासल्याच्या खुणा शोधाव्यात. उंची कायम झाल्यावरच शेवटचे व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. त्याआधी केले तर उंची बदलताच टो बदलतो आणि ते पुन्हा करावे लागते. अलाइनमेंटच्या दुकानात जाताना वाळूची पोती सोबत न्यावीत, आणि किट कार पाहून यंत्रावरचा मुलगा मूळ एमएक्स-५ चे आकडे लावू लागला, तर त्याला आपल्या वहीतले आकडे द्यावेत.